राजेश्वरीबाईंचं अदबीचं इटालियन

राजेश्वरीबाई मान्यांनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी इटालियन शिकायला घेतलं, तेव्हा रावपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, बाई परदेशात कुणाकडे तरी स्वयंपाकाला जाणार. दुसऱ्या तटाचं म्हणणं, या वयात माणसाचं असं व्हायचंच, लक्ष देऊ नये. खरं कारण विचारायला मात्र कुणी फिरकलं नाही. खरं कारण कळलं की गप्पांची मजा जाते, हे आमच्या बडोद्याला पक्कं ठाऊक आहे.

खरं कारण गोत्रीच्या पलीकडे, मुलींच्या एका बालगृहात होतं. आठ वर्षांचं होतं, पुढचे दोन दात पडलेले होते, आणि त्याचं नाव दीप्ती. राजेश्वरीबाई त्या बालगृहात गृहमाता होत्या. मुलींना उठवणं, न्हाऊ घालणं, भांडणं सोडवणं, तापात उशाशी बसणं, हे त्यांचं काम. स्वतःला मूलबाळ नव्हतं. नवरा रणवीरराव विमा कंपनीतून निवृत्त झाला आणि घरी दिवसभर दोघं एकमेकांना चहा विचारत बसू लागली, तेव्हा बाईंनी ही नोकरी धरली.

आता माने घराण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. आजेसासरे संस्थानच्या फौजेत रिसालदार. फौज गेली, घोडा गेला, तलवार पूजेपुरती उरली. पण अदब काही गेली नाही. त्या घरात सगळ्यांना अहो-जाहो. सुनेला, लेकीला, पाळण्यातल्या बाळाला. बाळाने दुपटं ओलं केलं तरी, "काय हो हे? पुन्हा केलंत?" गच्चीवरचं मांजर दुधाला तोंड लावायला आलं की त्याला, "अहो, उतरा खाली." बाईंचं माहेरही त्याच थाटाचं. आईला 'आईसाहेब' म्हणायचं, त्या आल्या की उभं राहायचं, त्या बसल्याशिवाय बसायचं नाही, त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. बाहेरच्यांना हा कोरडेपणा वाटे. आतल्यांना ठाऊक होतं की या घरात माया अशीच करतात.

ही मायेची पद्धत बाईंनी जशीच्या तशी बालगृहात नेली. पहिल्याच सकाळी त्या एका मुलीला म्हणाल्या, "अहो भक्तीताई, वेणी घालायला येता का?" सगळ्या पोरी तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसल्या. महिना गेला आणि हसणं थांबलं. मग कुणाला चुकून 'अगं' म्हटलं तर तीच मुलगी रुसून बसायला लागली. ज्या पोरींना जगाने 'ए'च्या पलीकडे कधी हाक मारली नव्हती, त्यांना आक्का 'ताई' म्हणत होत्या, 'आपण' म्हणत होत्या. मुली बाईंना आक्का म्हणत, आणि अर्थातच 'तुम्ही'.

यात दीप्ती सगळ्यात पुढे. आक्कांची पद्धत तिने जणू अंगातच घालून घेतली. पण एका बाबतीत ती फार हट्टी होती. कुणी 'येईल', 'होईल', 'मिळेल' असं काही म्हटलं की ती सरळ उठून निघून जायची. त्याला कारण होतं. आदल्या वर्षी परराज्यातलं एक जोडपं तिला दत्तक घेणार होतं. सगळं ठरलं होतं. बॅग भरून पोर फाटकाजवळच्या पायरीवर बसली, आणि जो तो येताजाता तिला सांगत होता, "येतील हं, आत्ता येतील." दुपारी म्हणाले संध्याकाळी येतील, संध्याकाळी म्हणाले सोमवारी येतील. मग कळलं, त्यांचा विचार बदलला. दीप्ती रडली नाही. तिने बॅग उघडली, कपडे परत कपाटात लावले आणि राजेश्वरीबाईंना म्हणाली, "आक्का, येतील म्हणजे येत नाहीत." सात वर्षांच्या पोरीने भविष्यकाळाचा असा निकाल लावून टाकला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी रसिका बातमी घेऊन आली. रसिका संस्थेची समाजसेविका, तरुण, स्कूटरवरून उतरतानाच बोलायला सुरुवात करणारी.

"आक्का, दीप्तीसाठी फॅमिली आली आहे. इटलीची! पाओला आणि सांद्रो. एकदम मस्त माणसं. फक्त त्यांचं इंग्लिश जरा कच्चं आहे."

"आणि दीप्तीताईंचं इटालियन?" बाईंनी विचारलं.

"ते तिथे गेल्यावर शिकेल ने!"

"आणि पोचल्या रात्रीच पोट दुखलं तर? कुणाला काय सांगतील त्या?"

रसिकाने पोरीलाच बोलावून घेतलं. दीप्तीला विचारलं, जायचं का? ती म्हणाली, "आक्का म्हणतील तसं." म्हणजे सगळा भार येऊन पडला बाईंवर. त्या आठवड्यातच त्यांनी दांडिया बाजारातल्या कौमुदी वैद्यचं दार वाजवलं.

कौमुदी ही विद्वानांच्या घरातली मुलगी. काही वर्षं इटलीतल्या बोलोन्यात राहून, वडिलांच्या आजारपणात परत आली आणि इथेच राहिली. घरातल्या पुढच्या खोलीत ती इटालियनचा वर्ग घेई. वर्गात सगळी कॉलेजची पोरं, इटलीत शिकायला जायला निघालेली. त्यांच्यात नऊवारीतल्या नव्हे, पण डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या राजेश्वरीबाई जाऊन बसल्या तेव्हा मयंक नावाच्या मुलाने शेजारच्याला विचारलं, "मासी कोने मूकवा आव्यां छे?" म्हणजे, या कुणाला सोडायला आल्यात? बाई त्याच्याकडे वळून गुजरातीतच म्हणाल्या, "मने पोताने." मीच मला सोडायला आले. त्या दिवसापासून मयंक त्यांच्या शेजारी बसायला लागला.

शिकणं सोपं नव्हतं. दिवसभर मुलींच्या मागे धावून आलेल्या बाईंना क्रियापदांची रूपं पाहून घेरी यायची. भाजी चिरताना त्या 'व्हेर्रो, व्हेर्राई, व्हेर्रा' असं घोकत, म्हणजे 'येईन, येशील, येईल'. रणवीरराव पेपरमागून म्हणत, "अहो, तो पोपट जरा गप्प करा." पण रात्रीचं जेवण झालं की तेच पुस्तक हातात धरून त्यांची परीक्षाही घेत. चुकल्या की, "पुन्हा म्हणा. रिसालदारांच्या घरात अर्धवट चालत नाही."

कौमुदीची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. भविष्यकाळाच्या दिवशी तिने फळ्यावर काहीच लिहिलं नाही. तिचा मोबाईल वाजला, तो तिने उचलला नाही, सगळ्यांकडे पाहून म्हणाली, "की सारा? म्हणजे, कोण असेल? बघा, फोन आत्ता वाजतोय, माणूस आत्ता आहे, तरी आपण 'असेल' म्हणतो. इटालियन माणूसही तसंच म्हणतो. अंदाजाला भविष्यकाळ." मयंक ओरडला, "कोण हशे! आ तो आपणुं ज छे!" हे तर आपलंच आहे म्हणून वर्ग खूश झाला. मग कौमुदी म्हणाली, "उद्याच्या साध्यासुध्या कामाला ते लोक वर्तमानकाळच वापरतात. उद्या येतो, झालं. पण मनापासून शब्द द्यायचा असला की मग म्हणतात, व्हेर्रो. मी येईन."

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. राजेश्वरीबाईंनी लिहिलं नाही. शब्द देण्याचा आणि अंदाजाचा काळ एकच, हे त्यांना खिडकीबाहेर बघत पटवून घ्यावं लागलं. दीप्तीला हा काळ शिकवायचा नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं. पोरीला भूक लागते, तहान लागते, पोट दुखतं, हे सगळं वर्तमानातच असतं. तेवढं पुरे.

मानाचं बोलणं शिकवलं त्या दिवशी मात्र बाईंची कळी खुलली. कौमुदी सांगत होती की इटालियनमध्ये जवळच्याला 'तू' म्हणतात, अगदी आपला तू, उच्चारसुद्धा तोच. आणि परक्या, मोठ्या माणसाला 'लेई'. लेई म्हणजे खरं तर 'ती'. समोर मिशीवाला साहेब बसलेला असला तरी त्याच्याशी 'ती'चं क्रियापद वापरायचं. पोरं चक्रावली. बाई म्हणाल्या, "यात काय एवढं? आमच्याकडे सासऱ्यांना म्हणत, मामांनी बसावं, मामांनी पाणी घ्यावं. समोर बसलेल्या माणसाशीच असं दुरून बोलायचं. मान द्यायचा तर बोट रोखून बोलत नाहीत."

"हो! हेच मी पोरांना दरवर्षी समजावत असते आणि मला कधी असं उदाहरण सापडत नाही," कौमुदी टाळी वाजवून म्हणाली. "पण एक लक्षात ठेवा हं राजेश्वरीताई. हे बाहेरच्यांसाठी. घरात सगळे तू. आई तर तूच."

बाईंनी मान डोलावली. ऐकलं, पण घेतलं नाही. त्यांच्या मनात आलं, असेल त्यांच्याकडे तसं. आपली मुलगी परक्या घरी पहिल्यांदा पाऊल ठेवणार, तिने अदबीत कमी का पडावं? कुणी म्हणायला नको की बडोद्याहून पोर आली आणि तिला वळण नव्हतं. शिकलेली गोष्ट बाजूला ठेवून माहेरची गोष्ट पुढे करायची, हे आपण सगळेच करतो. बाईंनी जरा जास्तच मन लावून केलं.

बालगृहात दुपारच्या सुट्टीत त्या दीप्तीला घेऊन बसत. आई खोलीत आल्या की उभं राहायचं. हात जोडायचे. आधी त्या बसतील, मग आपण. आधी त्यांचा घास. आणि बोलायचं ते लेई लावून. दीप्तीने ते सगळं असं उचललं की बाईंना स्वतःचं बालपण दिसू लागलं. पोरीच्या हातून एक चूक होईना. तिला पहिल्यांदाच 'आई' नावाच्या कुणासाठी तयारी करायला मिळाली होती, आणि ती आक्कांच्या पद्धतीने, म्हणजे सगळा जीव ओतून तयारी करत होती.

पाओला आणि सांद्रो आले ते पौषातल्या एका सकाळी. पाओला उंच, भरल्या अंगाची, शाळेत शिकवणारी. दारातूनच तिने दोन्ही हात पसरले आणि गुडघ्यांवर बसली. दीप्ती दोन पावलं मागे सरली, हात जोडले, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बुओन्जोर्नो, सिन्योरा. कोमे स्ता? सी अक्कोमोदी." नमस्कार, बाईसाहेब. कशा आहात? बसावं आपण.

सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. राजेश्वरीबाईंचे डोळे भरून आले. पाओलाने पसरलेले हात हळूच मिटले, ते कुणी पाहिलं नाही.

पुढचे काही दिवस दीप्ती दिवसभर त्या दोघांसोबत असे, हॉटेलवर, बागेत. सोबत रसिका. संध्याकाळी ती बालगृहात परत येई. बाई विचारत, "अदबीने वागलात ना?" ती म्हणे, "हो आक्का." बाई समाधानाने निजत. कागदपत्रं झाली होती, तिकिटं झाली होती, आता फक्त निघायचं बाकी होतं.

आणि एका दुपारी रसिका आली ती स्कूटरवरून उतरून गप्पच उभी राहिली.

"आक्का, ते थांबू म्हणतायत."

"थांबू म्हणजे?"

"पाओला मॅडम सकाळपासून रडतायत. म्हणतात, मुलगी आम्हाला घाबरते. त्या खोलीत आल्या की ताडकन उभी राहते. खुर्चीच्या कडेला बसते. जेवत नाही. हात धरला तर धरू देते, पण आपणहून जवळ येत नाही. त्या म्हणतात, तिला आम्ही नको आहोत, आणि जी मुलगी मनातून तयार नाही तिला ओढून न्यायचं पाप आम्ही करणार नाही. मी सांगून सांगून दमले की ती पोलाइट आहे, वेल मॅनर्ड आहे. त्या म्हणतात, आईशी कुणी मॅनर्सने वागतं का?"

बाई फाटकाजवळच्या पायरीवर बसल्या. तीच पायरी. त्यांना सगळं एका क्षणात कळलं आणि कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. पोर घाबरत नव्हती. पोर आक्कांनी शिकवलेलं सगळं प्रेम, कणभर न सांडता, रोज पाओलापुढे ठेवत होती. आणि रसिका बिचारी सगळं इंग्रजीतून सांगत होती. इंग्रजीत तूही यू आणि आपणही यू, मग त्या भाषेत ही गोष्ट मावणार कुठे? पुन्हा ती बॅग उघडणार, पुन्हा ते कपडे कपाटात जाणार, आणि या वेळी त्याला कारण आपण. हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

त्यांनी कौमुदीला फोन लावला. ती परीक्षेसाठी अहमदाबादला गेली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "राजेश्वरीताई, मी फोनवरून बोलेन त्यांच्याशी, हरकत नाही. पण तुम्ही जाऊन बोललात तर जास्त बरं."

"मला कुठे एवढं येतं हो बाई? माझं व्याकरण…"

"व्याकरण मी शिकवलंय, मला ठाऊक आहे ते कसं आहे. खूप चुका होतील. होऊ द्या. जा तुम्ही."

बाई रिक्षात बसल्या. वाटभर रसिका काहीबाही बोलत होती आणि बाई ओठांतल्या ओठांत वाक्यं जुळवत होत्या, मोडत होत्या, पुन्हा जुळवत होत्या. हॉटेलच्या खोलीत सांद्रोने दार उघडलं. पाओला पलंगावर बसली होती, नाक लाल झालेलं. ती बाईंना ओळखत होती ती नमस्कारापुरती. बाई उभ्याच राहिल्या आणि इटालियनमध्ये बोलायला लागल्या. दोघं चकित होऊन पाहत राहिले.

त्या बोलल्या ते मोडकंतोडकं होतं. क्रियापदं वाटेल तिथे वाटेल त्या काळात पडत होती. पण अर्थ असा होता:

"पाओलाबाई, मुलगी घाबरत नाही. चूक माझी आहे. मी शिकवलं. माझ्या घरात सगळ्यांना लेई. नवऱ्याला लेई. बाळाला लेई. मांजराला लेई."

"मांजराला?" सांद्रोने न राहवून विचारलं.

"मांजराला. रोज."

सांद्रोला हसू फुटलं, पाओलाने त्याच्याकडे रागाने पाहिलं, आणि मग तिचेही ओठ जरा हलले.

"माझ्या आईला मी कधी तू म्हटलं नाही," बाई पुढे म्हणाल्या. "आई आली की मी उभी राहत होते. आई बसल्यावर बसत होते. आई गेली, तेव्हा मी तिचा हात धरून म्हणाले, आपण जाऊ नका. तेव्हासुद्धा आपण. दुसरा शब्द मला येत नव्हता. माझं प्रेम कमी नव्हतं हो. फार होतं." एवढं बोलेपर्यंत त्यांचा आवाज गेला आणि इटालियनही गेलं. मग मराठीतच म्हणाल्या, "फार होतं."

पाओलाने ते मराठी कसं समजून घेतलं कोण जाणे. ती उठून जवळ आली. "मग जेवत का नाही ती?" तिने हळू विचारलं.

"तुम्ही जेवायला बसता का तिच्यासोबत?"

पाओला सांगू लागली. पोरीला वरणभात मागवायची आणि स्वतः खिडकीशी उभी राहून बघायची, ती खाते की नाही ते. बघता बघता भात गार व्हायचा. पोर मांडीवर हात ठेवून बसून राहायची, ताटाकडे न पाहता पाओलाकडे पाहत.

"ती तुमच्या घासाची वाट बघत होती," बाई म्हणाल्या.

पाओलाने तोंडावर हात दाबून धरला. मग ती राजेश्वरीबाईंच्या गळ्यातच पडली. मान्यांच्या सुनेला आजवर असं भर दिवसा, परक्या खोलीत, कुणी मिठी मारलेली नव्हती. त्यांनी आधी पदर सावरला आणि मग पाओलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पाओला हॉटेलवर थांबलीच नाही, जेवणाच्या वेळी थेट बालगृहात आली. पंगत मांडलेली होती. ती आत येताच दीप्ती उभी राहिली, हात जोडले. पाओलानेही हात जोडले आणि म्हणाली, "सिन्योरीना दीप्ती, प्रीमा लेई." दीप्तीताई, आधी आपण.

दीप्ती गोंधळली. तिने पाटाकडे हात केला, आपण बसावं. पाओलाने मान हलवली, आपणच बसावं. ही बसेना, ती बसेना. वरण गार होऊ लागलं, बाकीच्या मुली खुसखुसायला लागल्या, सांद्रो मधल्यामध्ये पाटावर बसून भाताकडे आशेने बघत होता. शेवटी दीप्तीला हसू आवरेना. पडलेल्या दातांच्या खिडकीतून ती खदखदून हसली आणि पाओलाचा हात धरून तिने तिला खाली ओढलं. दोघी एकदमच धपकन बसल्या. पाओलाने घाईघाईने पहिला घास घेतला, इतका मोठा की तिला ठसका लागला, आणि दीप्ती पाण्याचा पेला घेऊन तिच्या पाठीवर थापट्या मारू लागली.

संध्याकाळी बाईंनी तिला जवळ बसवलं. जे सांगायचं होतं ते त्यांच्या जिभेला जड जात होतं.

"दीप्तीताई, त्यांच्याकडे आईला तू म्हणतात. म्हणायला हरकत नाही."

"त्या रागावणार नाहीत?"

"नाही."

"तुम्ही?"

"मीही नाही."

मग दीप्तीने खाली बघत विचारलं, "उद्या त्या येतील?" तो काळ तिने स्वतःच्या तोंडाने वापरलेला बाईंनी गेल्या वर्षभरात ऐकला नव्हता. यावर आपण काही बोलायचं नाही, एवढी अक्कल आता त्यांना आली होती. निघायच्या तयारीत असलेल्या पाओलाला त्यांनी हाक मारली आणि मुलीचा प्रश्न इटालियनमध्ये सांगितला. पाओला मुलीसमोर गुडघ्यांवर बसली, आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "दोमानी व्हेर्रो." उद्या मी येईन.

सकाळी मुली दात घासत होत्या तेव्हाच रिक्षा फाटकाशी थांबली. पुढे जायच्या दिवसापर्यंत पाओला रोज निघताना तेच म्हणे आणि रोज सकाळी मुली दात घासताना हजर होई. रिक्षावाला वैतागला, पण त्याने सवय करून घेतली.

दीप्ती गेली तेव्हाही ती पाओलाला लेईच म्हणत होती. बाईंच्या पाया पडली, गाडीत आधी पाओलाला बसू दिलं, मग स्वतः बसली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर राजेश्वरीबाई आत गेल्या आणि कपाट उघडून रिकाम्या कप्प्यावरून हात फिरवत रडल्या. अहमदाबादहून परतलेल्या कौमुदीकडे जाऊन त्या तिच्या पायाशी वाकल्या. "अहो ताई, मी धाकटी आहे तुमच्याहून!" म्हणत कौमुदी मागे सरकली. बाई म्हणाल्या, "वयाने. तुम्ही मला दोन महिन्यांत जे दिलंत ना, त्याने एका पोरीला घर मिळालं. आता मी वाकणार, तुम्ही थांबवू नका." आणि वाकल्याच.

मग पावसाळा गेला, नवरात्र आलं. रविवारी दुपारी बाईंच्या मोबाईलवर दीप्तीचा व्हिडिओ कॉल येई. मराठी थोडं अडखळू लागलं होतं, दात मात्र आले होते. अशाच एका रविवारी ती शाळेचं सांगत होती, मैत्रिणीचं सांगत होती, "आक्का, तुम्ही जेवलात?" विचारत होती. मागून कुठून तरी पाओलाचा आवाज आला. टेबलावरचा पसारा उचल, असं काहीतरी ती म्हणत होती. दीप्ती उठली नाही, वळलीही नाही. बसल्या जागेवरून, कपाळाला आठ्या घालून, मोठ्याने ओरडली, "उफ्फा, माम्मा! लो फारो दोपो! तू नॉन व्हेदी के पार्लो?"

काय गं आई! करीन नंतर! तुला दिसत नाही का मी बोलतेय?

रणवीरराव पेपर खाली करून म्हणाले, "काय म्हणाल्या हो त्या?" बाईंनी हातानेच 'थांबा' म्हटलं. आईसाहेबांसमोर असा आवाज त्यांनी उभ्या जन्मात काढला नव्हता. तिकडे पाओला काहीतरी पुटपुटत, हसत, पसारा स्वतःच उचलत असल्याचा आवाज येत होता, आणि पोर निर्धास्त मांडी घालून पुढचं सांगायला लागली होती.

कॉल संपल्यावर बाईंनी साडी बदलली, कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे घेतले आणि चालत दांडिया बाजार गाठला. कौमुदीचा रविवारचा वर्ग चालू होता, सगळी नवी पोरं. बाईंनी एकेकाच्या हातावर पेढा ठेवला. एका मुलीने विचारलं, "मासी, शेना पेंडा?"

कौमुदीनेही विचारलं, "खरंच, कशाचे हो पेढे, राजेश्वरीताई?"

बाईंचे डोळे वाहत होते आणि चेहरा अभिमानाने फुललेला होता.

"आमची दीप्ती," त्या म्हणाल्या, "आज आईला उलट बोलली!"